अर्ध्या टाकीवर शून्य दाखवणारा काटा आणि अधिकृत सेवा केंद्राचा कारभार

हे परीक्षण गाडीचे कमी आणि त्या गाडीच्या कंपनीने मुंबईच्या पूर्व उपनगरात नेमलेल्या अधिकृत सेवा केंद्राचे अधिक आहे. ओघाने ते कुर्ल्याच्या सी. एस. टी. रोडवरील एका लहानशा मीटर दुरुस्तीच्या दुकानाचेही आहे. गाडी लहान, पेट्रोलवर चालणारी, ऑटोमॅटिक गिअरची, २०२१ साली नवी घेतलेली. इंजिन, गिअर, एसी, ब्रेक यांबद्दल आजवर तक्रारीला जागा नाही. तक्रार आहे ती डॅशबोर्डवरील पेट्रोलच्या काट्याची, आणि त्याहून अधिक, तो काटा दुरुस्त करण्याच्या नावाखाली जे काही झाले त्याची. केंद्राने आधी धडधाकट मीटर बदलले आणि मग धडधाकट पंप बदलण्याचे एस्टिमेट हाती दिले. प्रत्यक्षात बिघडला होता तो तळहातावर मावेल एवढा एक भाग, आणि तो शोधायला लागणारे साधे मोजमाप त्या चकचकीत केंद्रात कोणीही घेतले नव्हते.

दोष असा होता. टाकी भरली की काटा व्यवस्थित वर जाई, तिथून सावकाश खाली येई, आणि टाकी साधारण निम्मी झाली की सिग्नलला उभे असताना किंवा एखाद्या खड्ड्यातून गाडी बाहेर पडताना तो एकदम तळाला जाऊन बसे. त्याबरोबर पंपाचे चित्र असलेला पिवळा दिवा लागे, टिंग असा आवाज होई, आणि उरलेल्या पेट्रोलवर गाडी किती किलोमीटर जाईल हे सांगणाऱ्या चौकटीत आकड्याऐवजी आडव्या रेघा दिसू लागत. कधी थोड्या वेळाने आपोआप, तर कधी गाडी बंद करून पुन्हा चालू केल्यावर काटा परत निम्म्यावर येई. टाकी पावच्याही खाली गेली की मात्र तो पुन्हा खरे दाखवू लागे. पावसाळ्यात हे अधूनमधून होत होते, तेव्हा ओल धरली असेल असे समजून कानाडोळा करता येत होता. दिवाळीच्या सुमारास कोरड्या हवेतही तेच रोज होऊ लागले.

सेवा केंद्रातील सल्लागारांनी पहिल्याच भेटीत या दोषाला 'किरकोळ' म्हटले. मुंबईत गाडी चालवणाऱ्याला तो किरकोळ वाटणार नाही. मुलुंडहून फोर्टला जाताना चेंबूरपासून ईस्टर्न फ्रीवे लागतो. जवळजवळ १७ किलोमीटरच्या त्या बहुतांश उन्नत रस्त्यावर पेट्रोल पंप नाही आणि गाडी बाजूला घ्यायलाही धड जागा नाही. अटल सेतूची लांबी २१.८ किलोमीटर आहे आणि तिथे वाहन थांबवण्यास मनाई आहे. अशा ठिकाणी पिवळा दिवा लागला की तो खरा की खोटा याचा निर्णय चालवणाऱ्याने स्टिअरिंगवर हात ठेवूनच घ्यायचा असतो. शिवाय दिवा वारंवार खोटा लागू लागला की खऱ्या वेळीही त्याच्याकडे दुर्लक्ष होते. पेट्रोलचा पंप टाकीच्या आत बसवलेला असतो आणि भोवतालच्या पेट्रोलनेच तो थंड राहतो, त्यामुळे टाकी कोरडी पडेपर्यंत गाडी चालवणे त्याला मानवत नाही. म्हणजे काट्याच्या चुकीची किंमत पुढे पंपालाही मोजावी लागू शकते.

आणखी एक त्रास असा, की बिघडलेला काटा दुसऱ्यांवर संशय घ्यायला लावतो. "मॅडम, झिरो बघा" असे म्हणून पंपावरच्या मुलाने वीस लिटर भरले आणि पुढच्याच सिग्नलला काटा तळाला गेला, तर मनात पहिला विचार मापात पाप असल्याचाच येतो. मी आमच्या नेहमीच्या पंपावर पाच लिटरच्या प्रमाणित मापाने तपासणी करून मागितली, जी मागण्याचा प्रत्येक ग्राहकाला हक्क आहे, आणि पेट्रोल बरोबर भरले. त्यानंतर ट्रिप मीटर शून्यावर आणून, दर वेळी टाकी पूर्ण भरून, किलोमीटरच्या हिशेबावर गाडी चालवण्याची सवय लावून घेतली. लाखो रुपये मोजून घेतलेल्या गाडीत, समोर रंगीत पडदा आणि मागे कॅमेरा असताना, पेट्रोलचा हिशेब मनात ठेवावा लागणे हे मला पटण्यासारखे नव्हते.

पुढचे समजण्यासाठी या काट्याची रचना थोडक्यात सांगायला हवी. टाकीत पेट्रोलवर तरंगणारा एक फ्लोट असतो आणि तो एका पातळ दांडीच्या टोकाला बसवलेला असतो. पातळी बदलली की दांडी वरखाली होते आणि तिच्या दुसऱ्या टोकाची धातूची पत्ती एका छोट्या पट्टीवरील रोधकाच्या, म्हणजे विजेला अडथळा करणाऱ्या पदार्थाच्या, रेषांवरून सरकते. पत्ती कुठे टेकली आहे त्यावर विजेचा रोध कमीजास्त होतो, आणि त्या रोधावरून गाडीचे मीटर पातळी ठरवते. जुन्या गाड्यांत हा प्रवाह थेट काट्यापर्यंत जाई. आता मधे एक छोटा संगणक असतो, जो वळणावर आणि चढावर पेट्रोल हिंदकळले तरी काटा नाचू नये म्हणून काही वेळाची सरासरी काढतो आणि मग एका बारीक मोटरने काटा फिरवतो. पत्तीचा संपर्क क्षणभर तुटला तर ही सरासरी तो झाकून टाकते, पण संपर्क काही सेकंद तुटलेलाच राहिला तर काटा शून्यावर आणून दिवा लावला जातो, आणि ते योग्यही आहे, कारण नसलेले पेट्रोल असल्याचे दाखवण्यापेक्षा असलेले नसल्याचे दाखवणे कमी धोक्याचे. एवढे माहीत असणाऱ्याला, काटा नेहमी एकाच पातळीवर कोसळतो आणि त्याच्या वर व खाली बरोबर चालतो हे कळल्यावर, संशय सर्वप्रथम टाकीतल्या त्या पट्टीवर यायला हवा.

सेवा केंद्रात तो आला नाही. पहिल्या खेपेस सल्लागारांनी जॉब कार्डवर 'फ्युएल मीटर प्रॉब्लेम' एवढेच लिहिले. कोणत्या पातळीवर, किती वेळ, गाडी उभी असताना की चालू असताना, हे मी सांगत होते. ते त्यांच्या टॅबमधील रकान्यांत बसत नव्हते म्हणून लिहिले गेले नाही. त्याऐवजी "घरी गाडी आणखी कोण चालवतं?" असा प्रश्न आला, ज्याचा काट्याशी काय संबंध हे मला आजही कळलेले नाही. संध्याकाळी गाडी परत मिळाली ती धुऊन, पुसून, आणि स्कॅनरवर कोणताही कोड (गाडीच्या संगणकाने नोंदवलेली दोषाची खूण) आढळला नाही, सॉफ्टवेअर अद्ययावत केले, अशा शेऱ्यासह. सोबत तोंडी स्पष्टीकरण मिळाले: "मॅडम, ई-२० पेट्रोलमुळे हल्ली सगळ्यांनाच होतंय हे."

हे स्पष्टीकरण आता प्रत्येक गॅरेजमध्ये ऐकू येते, म्हणून त्याबद्दल दोन शब्द. इथेनॉलमध्ये त्याच आकारमानाच्या पेट्रोलपेक्षा सुमारे एकतृतीयांश कमी ऊर्जा असते, त्यामुळे २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलवर मायलेज काही प्रमाणात घटते आणि काटा पूर्वीपेक्षा थोडा लवकर खाली येतो, हे खरे. मात्र तो सावकाश खाली येतो. निम्म्यावरून शून्यावर एका क्षणात पडून दहा मिनिटांनी वर चढणारा काटा इथेनॉलने घडवता येत नाही, कारण फ्लोटला पातळी कळते, पेट्रोलची प्रत कळत नाही. पेट्रोलच्या दोषाने काटे बिघडल्याचे उदाहरण जगात आहे: मे २००४ मध्ये अमेरिकेत फ्लोरिडा आणि आसपासच्या भागात शेल कंपनीला पंपांवरील विक्री थांबवावी लागली होती, कारण त्या पेट्रोलमधील गंधकाने टाकीतल्या पट्टीवरील चांदीचे संपर्क खराब होऊन काटे चुकीचे दाखवू लागले होते. आपल्याकडे १ एप्रिल २०२० पासून मिळणाऱ्या बीएस-६ (प्रदूषणाच्या मानकाच्या) पेट्रोलमध्ये गंधकाची मर्यादा दशलक्षात १० भाग एवढी कमी आहे, त्यामुळे तेही कारण इथे सहज लागू होत नाही. सल्लागारांना हे सगळे ठाऊक असावे अशी माझी अपेक्षा नाही. ठाऊक नसताना ठामपणे सांगू नये, एवढीच आहे.

कोड न सापडण्याचेही असेच. पेट्रोलच्या पातळीच्या सेन्सरसाठी पी०४६० ते पी०४६४ असे कोड ठरलेले आहेत आणि त्यातील शेवटचा तर अधूनमधून तुटणाऱ्या संपर्कासाठीच आहे. पण ठरावीक परिस्थिती ठरावीक वेळ टिकल्याशिवाय कोड नोंदला जात नाही. तेव्हा टाकी पाऊण भरलेली असताना केंद्रात आणलेल्या गाडीत काही सापडले नाही, याचा अर्थ दोष नाही असा होत नाही. दोष निम्म्या टाकीवर येतो असे ग्राहक सांगत असेल, तर निम्म्या टाकीवर गाडी तपासायला हवी. मी दुसऱ्या खेपेस मुद्दाम तशीच नेली, आणि गेटमधून आत शिरतानाच काटा कोसळला. सुरक्षारक्षकासकट सर्वांनी तो पाहिला, हे बरे झाले.

मग निदान झाले ते असे, की मीटर गेले, पूर्ण मीटर असेंब्ली बदलावी लागेल. कशावरून, असे विचारल्यावर "काटा मीटरमध्येच आहे ना, मॅडम" असे उत्तर मिळाले. वाढीव वॉरंटी शिल्लक होती, म्हणून दावा पाठवायला सांगितले, तर गाडीत बाहेरून वायरिंग केल्यामुळे तो नामंजूर होईल असे कळले. बाहेरचे वायरिंग म्हणजे डॅशकॅम, आणि तो याच विक्रेत्याच्या ॲक्सेसरीजच्या काउंटरवरून घेऊन याच केंद्रात बसवलेला होता. त्याचे बिल फोनवर दाखवल्यावर हरकत मागे घेतली गेली, पण दाव्याचे उत्तर मात्र येईना. मला गाडी रोज लागते, तेव्हा सोळा हजारांच्या आसपास रक्कम आणि वर मजुरी स्वतः भरून, मंजुरी आल्यास परतावा मिळेल असे लेखी घेऊन, मी मीटर बदलून घेतले.

इथे एक गोष्ट जरा सविस्तर सांगावीशी वाटते, कारण मीटर बदलताना बहुतेक ग्राहकांच्या ती लक्षात येत नाही. गाडी किती किलोमीटर चालली याची नोंद मीटरमध्ये असते. नवे मीटर बसवल्यावर जुना आकडा त्यात रीतसर भरावा लागतो. मला गाडी दिली तेव्हा पडद्यावर एक आकडी किलोमीटर दिसत होते आणि ते दाखवून सल्लागार हसत म्हणाले, "बघा, गाडी नवी झाली." ही गंमत पुढे गाडी विकताना चांगलीच महागात पडते. सर्व्हिस बुकात चाळीस हजारांच्या वरची नोंद आणि मीटरवर त्याच्या कितीतरी खालचा आकडा दिसला की घेणारा ग्राहक मीटर मागे फिरवल्याचाच अर्थ काढतो, आणि त्याला दोष देता येत नाही. मी गाडी परत आत लावायला सांगितली, जुना आकडा भरून घेतला, आणि कोणत्या तारखेला, किती किलोमीटरवर, कोणत्या कारणाने मीटर बदलले हे केंद्राच्या लेटरहेडवर सही-शिक्क्यानिशी लिहून घेतले. जुने मीटर मागितले तर वॉरंटीचा दावा प्रलंबित असल्याने ते देता येणार नाही असे सांगण्यात आले. ते नियमाला धरूनच होते. मात्र त्यावरचा अनुक्रमांक जॉब कार्डवर नोंदवून घेणे उपयोगी पडले.

नव्या मीटरवरही, टाकी निम्म्यावर येताच, काटा पूर्वीसारखाच कोसळला.

यावर केंद्राची प्रतिक्रिया काय असावी? आता टाकीतली संपूर्ण पंप असेंब्ली बदलू, नऊ हजार आणि मजुरी वेगळी. फ्लोटची पट्टी तपासली का, असे विचारले असता ती सुटी येत नाही, कंपनीच्या यादीत तिला वेगळा पार्ट नंबरच नाही, त्यामुळे ती तपासण्यात अर्थ नाही, असे उत्तर मिळाले. मला वाटते या एका उत्तरात आजच्या गाड्यांच्या देखभालीचे सगळे दुखणे आले. जो भाग सुटा विकायचा नाही तो सुटा तपासायचाही नाही, आणि तपासायचा नाही म्हणून त्याच्याभोवतीचे सगळे बदलत जायचे, अशी ही पद्धत आहे. डोके दुखते म्हणून आधी पगडी आणि मग केस बदलण्यातला हा प्रकार. दर वेळचा खर्च ग्राहकाचा आणि दर वेळची शिकवणी केंद्राची. पंप आणि काट्याची पट्टी एकाच साच्यात बसवल्याने कारखान्यात जोडणी सोपी होते हे समजू शकते. पण पट्टी पंपाला स्क्रू आणि खाचांनी जोडलेली असते, ती काढता येते आणि दुसरी बसवता येते, हे ती बनवणाऱ्यांना ठाऊक नसेल असे मानणे कठीण आहे.

कंपन्या काट्याच्या दोषाकडे गांभीर्याने पाहू शकतात याचीही उदाहरणे आहेत, म्हणून 'किरकोळ' हा शब्द मला अधिकच खटकला. नोव्हेंबर २०२५ मध्ये मारुती सुझुकीने ग्रँड व्हिटाराच्या ३९,५०६ गाड्या परत बोलावल्या, त्या नेमक्या याच कारणासाठी: स्पीडोमीटर असेंब्लीतील पेट्रोलची पातळी दाखवणारा निर्देशक आणि त्याचा इशारा देणारा दिवा चुकीचे दाखवण्याची शक्यता होती. ९ डिसेंबर २०२४ ते २९ एप्रिल २०२५ या काळात बनलेल्या गाड्यांचा तो भाग मोफत बदलून देण्याचे कंपनीने जाहीर केले. अमेरिकेत जनरल मोटर्सच्या २००३च्या सुमाराच्या पिकअप आणि मोठ्या गाड्यांत काटे फिरवणाऱ्या बारीक मोटरच निकामी होत होत्या; तिथे प्रकरण न्यायालयापर्यंत गेले आणि कंपनीला ७ वर्षे किंवा ७०,००० मैलांपर्यंत विशेष संरक्षण द्यावे लागले. माझी गाडी यातल्या कोणत्याही यादीत नाही. तरी एवढे दिसते, की दोष मीटरमध्येही असू शकतो आणि टाकीतही, आणि म्हणूनच आधी मोजायचे असते.

आपल्या मोटार वाहन कायद्यात २०१९च्या दुरुस्तीने ११०अ हे कलम आले आणि त्याखालील नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू झाले. सात वर्षांपेक्षा कमी वयाच्या वाहनांत ठरावीक प्रमाणापेक्षा जास्त तक्रारी आल्या तर सरकार कंपनीला गाड्या परत बोलवायला लावू शकते, आणि दंड १० लाखांपासून १ कोटी रुपयांपर्यंत होऊ शकतो. मात्र त्यासाठी तक्रारी कुठेतरी नोंदल्या जायला हव्यात. ज्या केंद्रात जॉब कार्डवर 'तपासले, ठीक आहे' असे लिहून गाडी परत दिली जाते, तिथे दोष कंपनीच्या कागदावर जन्मच घेत नाही. तुमच्या जॉब कार्डवर तुमच्या शब्दांत तक्रार लिहिली जात नसेल तर सही करू नका, असे मी आता ओळखीच्या सगळ्यांना सांगते.

पंपाचे एस्टिमेट घेऊन मी बाहेर पडले आणि ऑफिसातल्या एका सहकाऱ्याने सांगितलेल्या सी. एस. टी. रोडवरील दुकानात गेले. कुर्ला ते कालिना या पट्ट्यात गाड्यांच्या सुट्या भागांची दुकाने दाटीवाटीने आहेत. हे दुकान त्यांतले अगदी अरुंद: एक टेबल, त्यावर भिंगाचा दिवा, मागे भिंतीवर खिळ्यांना टांगलेली जुनी मीटर. ते चालवणारे काका साठीच्या पुढचे आहेत आणि सुरुवातीला प्रीमियर पद्मिनी टॅक्सींच्या केबलवाल्या स्पीडोमीटरचे काम करत. ती गाडी बनत असे तो कारखानाही कुर्ल्याचाच, आणि तिची शेवटची काळीपिवळी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ अखेर मुंबईच्या रस्त्यावरून गेली, तोवर त्यांचे बरेचसे काम या डिजिटल मीटरांवर आलेले होते.

त्यांनी आधी माझे सगळे ऐकून घेतले, मग स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये बोटभर लांबीचा स्कॅनर लावला आणि मोबाइलवर पेट्रोलच्या पातळीची टक्केवारी उघडली. गाडी चालू ठेवून त्यांच्या मुलाने मागचा भाग दोन्ही हातांनी हलवला. काटा पडला, आणि त्याच्याबरोबर मोबाइलवरचा आकडाही पडला. "ताई, मीटर चांगला आहे तुमचा. खालून सिग्नलच तुटतोय," काका म्हणाले. काट्याबरोबर आकडाही पडतो म्हणजे काटा फिरवणारी मोटर निर्दोष आहे आणि दोष टाकीपासून मीटरपर्यंतच्या वाटेवर आहे, एवढे त्या मिनिटभराच्या तपासणीत ठरले. सेवा केंद्राकडे याहून कितीतरी महागडा स्कॅनर आहे आणि हा आकडा त्यावरही दिसतो. मीटर काढण्यापूर्वी तो पाहिला असता, तर सोळा हजारांचा प्रश्न उद्भवलाच नसता.

मग मागची सीट उचलली, खालचे गोल झाकण काढले आणि तारा जोडणारा कपलर सोडवला. बॅटरीची तार आधीच काढून ठेवली होती, पंखा लावला होता, आणि शेजारच्या दुकानातल्या माणसाला सिगारेट विझवायला सांगितले, ज्यावर त्याने कुरकुर केली. पंप बाहेर आला तेव्हा पेट्रोलच्या वासाने डोळ्यांत पाणी आले. काकांनी फ्लोटची पट्टी पंपापासून वेगळी केली, दोन टोकांना रोध मोजणाऱ्या मल्टिमीटरच्या पिना धरल्या आणि दांडी अगदी हळू वरून खाली आणली. आकडे एकामागून एक बदलत गेले, मधोमध येताच पडद्यावर सर्किट तुटल्याची खूण आली, दांडी केसभर पुढे सरकताच आकडे परत सुरू झाले. त्यांनी पट्टी भिंगाखाली धरून मला पाहायला सांगितली. चमकत्या रेषांच्या ओळीत मधल्या चार-पाच रेषा काळ्या पडून झिजल्या होत्या, आणि तिथे पत्तीने घासून एक उथळ चर पाडला होता. मी टाकी निम्मी झाली की भरते, त्यामुळे फ्लोटचा बराचसा काळ त्याच पट्ट्यात हेलकावे खाण्यात जातो, हे त्यांचे अनुमान. ते बरोबर असेल, पण चार वर्षांच्या वापरात झिजणारी पट्टी निम्म्या टाकीवर पेट्रोल भरणाऱ्या ग्राहकाचा दोष होऊ शकत नाही.

तशीच पट्टी त्यांनी त्याच रस्त्यावरच्या दुसऱ्या दुकानातून मागवली, रोध मोजून जुन्याशी जुळवला आणि बसवली. पंप टाकीत घालण्याआधी कपलर जोडून दांडी रिकामी, पाव, निम्मी, पाऊण, पूर्ण अशा ठिकाणी धरून काटा पाहिला. सरासरीमुळे काटा लगेच हलत नाही म्हणून दर वेळी इग्निशन बंद करून पुन्हा चालू केले. झाकणाखालची रबरी रिंग जुनी न ठेवता नवी घातली, हे विशेष नमूद करते, कारण ती फुगलेली किंवा चिरलेली राहिली तर गाडीत पेट्रोलचा वास येत राहतो. सगळे मिळून दोन हजारांच्या आत काम झाले. तेव्हापासून अनेक टाक्या भरून रिकाम्या झाल्या, हिवाळा गेला, उन्हाळा आला, आणि काटा वरपासून खालपर्यंत अखंड चालतो.

पैशांचे म्हणाल तर, झिजलेली पट्टी, मल्टिमीटरचा व्हिडिओ आणि दोन्ही जॉब कार्डे जोडून मी कंपनीला लेखी तक्रार केली. उत्तर न आल्याने १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर ती नोंदवली. त्यानंतर कंपनीच्या विभागीय कार्यालयातून फोन आला, दिलगिरी व्यक्त झाली, आणि मीटरची किंमत वाढीव वॉरंटीतून परत मिळाली. मजुरी मिळाली नाही. निदानच चुकीचे असेल तर मजुरी कशाची, हा माझा प्रश्न अनुत्तरित आहे. ज्यांचे प्रकरण इथेही सुटणार नाही त्यांच्यासाठी जिल्हा ग्राहक आयोग आहे. कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार करावी लागते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. अर्ज कसा लिहावा यासाठी विलेपार्ल्याच्या मुंबई ग्राहक पंचायतीचे मार्गदर्शन घेता येते.

सेवा केंद्राबद्दल अन्यायाने लिहायचे नाही. गाडी घरून नेणे-आणणे वेळेवर होते, ऑइल आणि फिल्टरची नेहमीची कामे नीट होतात, बिलात लपवाछपवी नाही, आणि सल्लागारांचे बोलणे शेवटपर्यंत सभ्य होते. नियमित सर्व्हिसिंगसाठी मी तिथेच जाते आणि जात राहीन. विजेच्या कोणत्याही दोषासाठी मात्र, मोजमापाचा आकडा लेखी दाखवल्याशिवाय एकही असेंब्ली बदलायला परवानगी देणार नाही. वाढीव वॉरंटीचे नूतनीकरण मी केलेले नाही.

कुर्ल्याच्या दुकानातही सारे गुणच आहेत असे नाही. पक्के बिल मागितल्याशिवाय मिळत नाही, हमी तीन महिन्यांची आणि तीही बिलावर हाताने लिहून घ्यावी लागते. रस्त्याच्या कडेला पेट्रोलची टाकी उघडणे कितीही काळजी घेतली तरी धोक्याचे आहे, आणि बाहेर टाकी उघडली म्हणून कंपनी पंपाचा वॉरंटी दावा पुढे नाकारू शकते, हे गृहीत धरूनच तिथे जावे. गाडी लावायला जागा नाही. दुपारी बारानंतर गेलात तर काम सुरू होईपर्यंत कोणीतरी गाडीत बसून राहावे लागते, नाहीतर टोइंगवाले उचलून नेतात. सकाळी दहाच्या सुमारास, टाकी निम्म्याहून थोडी खाली ठेवून जावे. भरलेल्या टाकीतून पंप काढायला काका तयार होत नाहीत.